रिकाम्या टोपाखालची आग

बातक बिघडवायला माणूस अडाणी असावा लागत नाही, लक्ष उडालेलं असलं की पुरे. हे मी सुनांना सांगते तेव्हा त्या हसतात. त्यांच्या ओव्हनला काचेचं दार आहे, आत दिवा आहे, वेळ झाली की घंटी वाजते. तरीही मागे धाकटीने फोनवर बोलता बोलता साखरेशिवायच केक भाजला आणि वर मलाच विचारलं, "आई, तुमच्याकडून असं कधी झालं नसेल ना?" मी म्हटलं, बस गो बाय, सांगते. आमच्या घरात एकदा काय भाजलं गेलं ते ऐकलंस तर साखर विसरल्याचं तुला काहीच वाटणार नाही.

आमचं घर गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात. पुढे दुकान, मागे आम्ही. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान होतं. तांब्याचे टोप, पितळेचे तांबे, समया, घंगाळी, सगळं छतापर्यंत रचलेलं. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक दिवसभर धावायचे आणि प्रत्येक ट्रकासरशी मांडणीवरची भांडी किणकिणायची. त्या आवाजात आम्ही अभ्यास केला, झोपलो, भांडलो. लाल धुळीचं तर विचारूच नका. आई सकाळी पांढरे कपडे वाळत घालायची आणि संध्याकाळी भगवे काढायची. ती पेडण्याची, तिची बोली मालवणीच्या अंगाने जाणारी. दादांची बोली डिचोलीची कोंकणी, दुकानाची पाटी आणि सकाळचा पेपर मात्र मराठी. कोण कशात बोलतं याकडे आमच्या घरात कुणाचं लक्ष नव्हतं. आईच्या तोंडी तर सगळ्याला एकच उत्तर असायचं, "देवाक काळजी." दूध नासलं, देवाक काळजी. पाहुणे न सांगता टपकले, देवाक काळजी. मी गणितात नापास झाले तेव्हाही तेच, फक्त आधी पाठीत एक धपाटा.

आणि तिची बातक. रवा, खवलेला नारळ, साखर, तूप आणि वेलची, एवढ्यातच होणारा आमच्याकडचा हा जुना केक. रात्री मिश्रण कालवून ठेवायचं, रवा रात्रभर फुगू द्यायचा, सकाळी त्यात चिमूटभर सोडा. मग तांब्याच्या टोपाला तुपाचा हात लावायचा, आत केळीचं पान बसवायचं, त्यावर मिश्रण ओतायचं. खाली चुलीत मंद निखारे आणि वर पत्र्याच्या झाकणावर करवंट्यांचे निखारे. अशी वरून आणि खालून आग मिळाली की बातक भाजते. पण एकदा निखारे चढले की झाकण उघडायचं नाही. उघडलं तर ती बसलीच. तेव्हा सगळा कारभार नाकाचा. आईने मला शिकवलं होतं, पहिला वास पानाचा येतो, दुसरा तुपाचा आणि तिसरा खोबऱ्याचा. "तिसऱ्या वासाक उतरायचां," ती म्हणायची, "दोनार फसायचा नाय." दोन वासांवर फसायचं नाही. बाजारातल्या अर्ध्या घरांत बारशाला आणि चवथीला तिचीच बातक जायची, आणि एकही कधी बिघडलेली मी पाहिली नव्हती.

माझी मोठी बहीण, सुलुताय, वास्कोला दिलेली. तिचा नवरा बंदरात कामाला. भावजी माणूस सोन्यासारखा, पण कोंकणीचा कट्टर. आणि दादा मराठीचे तेवढेच कट्टर. ते दिवसच तसे होते. गोव्याची भाषा कुठली यावरून घराघरांत ताटं सरकवली जात होती, लग्नं मोडत होती, सख्खे भाऊ एकमेकांना बघून दुसऱ्या आळीतून जात होते. चवथीच्या जेवणाला भावजी आमच्याकडे आले असताना विषय निघाला आणि दादा म्हणाले, "आमच्या देवाच्या आरत्या मराठीत, कीर्तन मराठीत, पाटी मराठीत. आणखी काय पाहिजे?" भावजींनी शांतपणे विचारलं, "आनी मामा, रडटात खंयचे भाशेंत?" कुठल्या भाषेत रडता, एवढंच. दादा पानावरून उठले. त्यांनी हात धुतले आणि जाहीर केलं की वास्कोच्या त्या उंबऱ्यावर यापुढे पाय ठेवणार नाही. ताय बिचारी मोदकाचा घास हातात धरून बसून राहिली होती.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी तायला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला आणायला घरचं मोठं माणूस जायला हवं, आणि आमच्याकडे तसं माणूस एकच. दादा पेपराआडून म्हणाले, जावयाने आणून सोडावी. आईने त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला, घडी घालून चुलीजवळ ठेवला आणि म्हणाली, "भाशा तुमची, चेडू माझां. उद्या सकाळची गाडी धरा." चेडू म्हणजे मुलगी. दादांनी गाडी धरली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला तायला घेऊन येतो, असं सांगून ते गेले. तायने आधीच निरोप धाडला होता की तिला दुसरं काही नको, आईची बातक हवी. आईने त्याच रात्री रवा कालवला.

त्या रात्री भाषेच्या आंदोलनाने रस्ते बंद झाले. सकाळी मी उठले ती भांडी गप्प होती म्हणून. एकही ट्रक नाही, एकही किणकिण नाही. इतकी वर्षं ज्या आवाजाला शिव्या दिल्या तो नाही म्हटल्यावर घर परक्याचं वाटायला लागलं. बातमी आणली ती सांतान पदेराने. रस्ते बंद असोत, कर्फ्यू असो, सांतान सायकलीवर पावाची टोपली बांधून भोंगा वाजवत यायचाच. तो म्हणाला, झाडं पाडून रस्त्यात टाकलीत, एक बस जाळलीय, पणजीच्या बाजूला दगडफेक चाललीय. कुठली बस, ते त्याला ठाऊक नव्हतं. आईने पाव घेतले आणि आत आली. ती "देवाक काळजी" म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही.

समोरच्या किराणा दुकानात फोन होता, पण भावजींच्या घरी नव्हता. आणि बंदरातल्या हापिसात कुणी उचलत नव्हतं. करायचं काय? आईच्या पेडण्याच्या माहेरी एक समजूत होती. आपलं माणूस वाटेवर असताना चूल थंड पडू द्यायची नाही, त्याच्यासाठी काहीतरी आगीवर असायला हवं. तेव्हा आईने बातक चढवली. मी तिच्याजवळ बसले होते. रस्त्यावर पावलं वाजली की ती दारापर्यंत जायची, परत यायची, आणि रिकाम्या हाताने कसं बसायचं म्हणून झाकणावर आणखी दोन करवंट्या टाकायची. अशी किती वेळा गेली आणि आली. शेवटी वरून आगीचा डोंगर झाला. झाकण काढलं तर बातक वरून कोळसा आणि आतून कच्ची पेज. आईची बातक बिघडली. मला रडूच आलं, कारण तोवर मी स्वतःला समजावत होते की काळजीचं काही नाही.

दुपार गेली, जेवणं झाली नाहीत, ते दोघं आले नाहीत. रात्री आईने पुन्हा रवा काढला आणि मला म्हणाली, "तू कालव. माझो हात खरो नाय." म्हणजे तिला आपल्या हाताची खात्री उरली नव्हती. माझ्या हाताची कुणाला असणार? मी नारळ खवला, ताटात ठेवला, साखर घातली, तूप घातलं, आणि सगळा वेळ डोळ्यासमोर ती जळालेली बस. तायची हिरवी साडी दिसायची, दादांची काळी टोपी दिसायची. सकाळी बातक भाजून उतरवली, दिसायला झकास, पण सुरी आत जाईना. फळीवर बघते तो खवलेला नारळ ताटात तसाच. सांतानला एक तुकडा दिला तर त्याने दाताखाली धरून पाहिला आणि विचारलं, "बाय, हो फातर खंयचो गो?" फातर म्हणजे दगड. मी म्हटलं, घरचाच. आई हसली नाही. ती त्याला विचारत होती, वाट सुटली का. त्याने मान हलवली.

त्या दिवशी संध्याकाळी आई पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "मीच धाडलंय तेंका. नाय म्हणत होते, मीच पेपर काढून घेतलंय." मी तेव्हा कॉलेजात जाणारी, सगळ्या गोष्टींवर मतं असणारी मुलगी. पण आईला धीर द्यायला तोंडी आलं ते तिचंच वाक्य. मी म्हटलं, "देवाक काळजी, आई." तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी तिची वस्तू न विचारता उचलली होती. मग घरातला उरलासुरला रवा तिने डब्यातून झाडून काढला. आम्ही दोघींनी एकमेकींना मोठ्याने सांगत कालवला. रवा घातला. घातला. नारळ घातला. घातला. साखर चाखून बघ. बघितली. ही शेवटची. बाजार बंद होता, ही बिघडली तर पुन्हा रवा मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपाला तूप लावलं, आत पान बसवलं, माशी बसू नये म्हणून झाकण ठेवलं. मिश्रणाचं पातेलं मागे फळीवर, जाळीखाली. तेवढ्यात रस्त्यावर कसलासा आवाज झाला आणि मी धावत पुढे गेले. कुणाची तरी हातगाडी होती. जरा वेळ तिथेच उभी राहिले, नाक्यापर्यंत बघून आले. परत आत आले तर टोप चुलीवर, झाकणावर निखारे लालबुंद, आणि आई पुढे पाटावर बसलेली. म्हटलं, बरं झालं, आईने ओतून चढवली. मी तिच्या शेजारी बसले. पानाचा वास आला. पहिला. आई म्हणाली, "इलो." मग तुपाचा वास आला, चांगला खमंग. दुसरा. आता तिसऱ्याची वाट. आम्ही दोघी पदर सावरून बसलो. नाक टोपाकडे, कान रस्त्याकडे. तिसरा वास काही येईना. आई म्हणाली, नारळ जुना असेल. मी म्हटलं, आग मंद असेल. तिने निखाऱ्यांना वारा घातला. बसलो. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या पाटावर आम्ही बातकेची वाट बघतच नव्हतो, त्यामुळे तिला किती उशीर होतोय हे आम्हाला कळलंच नाही.

आणि भोंगा वाजला. सांतानचा भोंगा, भर दुपारी. पदेर सकाळी येतो आणि संध्याकाळी येतो, दुपारी कधी येत नाही. आई पाटावरून उठली. मला वाटलं, आता काय ऐकावं लागणार. मी दार उघडलं. सांतान घामाने निथळत होता. तो सारमानसच्या धक्क्यावर, जिथे खनिज भरायला बार्जी, म्हणजे मालवाहू होड्या, लागतात तिथे, खलाशांना पाव द्यायला गेला होता. म्हणाला, "बाय, तुमगेलीं मनशां बार्जीर आयल्यांत. गाड्यार बसोवन हांवूं फुडें आयलां." तुमची माणसं बार्जीवरून आलीत, त्यांना गाडीत बसवून मी पुढे आलो. रस्ते बंद होते, नदी कुणी बंद केली होती? आम्ही सारा वेळ रस्त्याकडे कान लावून बसलो होतो आणि माणसं येत होती पाण्यावरून.

शेतातल्या वाटेने बैलगाडी आली. तीत गवताचा बिछाना, त्यावर माझी ताय, केसांपासून पायांपर्यंत खनिजाच्या धुळीने लाल. एका बाजूला भावजी तिच्या डोक्यावर छत्री धरून. दुसऱ्या बाजूला दादा, टोपी नाही, चेहरा पिवळा, भावजींच्या खांद्याला टेकलेले. आई उंबऱ्यात उभी. तुकडा ओवाळायला भात नाही, भाकरी नाही. तिने हाताला लागला तो माझ्या फातराचा तुकडा उचलला, तायवरून ओवाळला आणि रस्त्यात फेकला. कुत्रा धावला, हुंगून परत गेला. मग आईने दोन्ही हातांनी तायचा चेहरा धरला. तिच्या हातांना लाल धूळ लागली ती तिने दिवसभर धुतली नाही.

ताय बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आये, बातक?" आई एकदम हुशारीत आली. "चुलीर आसा. तुझ्या वाटेर डोळे लावन बसलंव." ती चिमट्याने निखारे बाजूला करून झाकण काढायला वाकली. आम्ही सगळे भोवती. आतून धूर आला. धूर विरला तेव्हा टोपाच्या तळाशी काळं, करपलेलं केळीचं पान होतं आणि दुसरं काही नव्हतं. वितळलेल्या कल्हईचे चकचकीत गोळे कडेला जमले होते. आईने माझ्याकडे बघितलं. "तू ओतलंस मां?" मी म्हटलं, "मी खंय? माका वाटलां तू ओतलंस." आम्ही दोघींनी एकाच वेळी मागे वळून फळीकडे बघितलं. पातेलं जाळीखाली काठोकाठ भरलेलं.

पहिल्यांदा ताय हसली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आई ओरडली, "हसा नको गो, सातवो आसा तुका." मग तीही हसायला लागली. दादा उभे होते ते कदेरीवर, म्हणजे खुर्चीवर, बसले आणि भांड्यांचा व्यापारी असून म्हणाले, "माझ्या सगळ्या दुकानात इतका चांगला भाजलेला टोप नाही." ताय हसता हसता थांबली. तिने त्या काळ्या पानाकडे बघितलं, आईकडे बघितलं. हळूच म्हणाली, "आये, तू एवढी घाबारलंस गो?" आई पाटावर बसली, तो गरम टोप फडक्यात धरून मांडीवर घेतला आणि रडली. माझ्या आईला त्याआधी मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. जरा वेळाने तिने नाक पुसलं, टोप बाजूला ठेवला आणि म्हणाली, "देवाक काळजी." मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं की मी चुलीपाशीच फतकल मारून बसले.

मग दुसरा टोप, दुसरं पान. आणि या खेपेला तायने स्वतः उभं राहून मिश्रण ओतताना बघितलं. बातक भाजेपर्यंत हकिगत कळली. बस मिळेना तेव्हा भावजींनी ओळखीच्या तांडेलाला, बार्ज चालवणाऱ्याला, गळ घातली आणि खनिज भरायला वर येणाऱ्या रिकाम्या बार्जीवर सगळ्यांना चढवलं. कायद्यात बसत नव्हतं, पण तांडेलाच्या बायकोलाही दिवस गेले होते. कुंभारजुव्याच्या खाडीत भरतीची वाट बघत बार्ज रात्रभर उभी राहिली. दादा जन्मात पाण्यावर गेले नव्हते. ते ओकत होते आणि भावजी त्यांचं डोकं धरून बसले होते. ताय म्हणते, त्या ओकाऱ्यांत दादा ओरडत होते, "आवय गे, मेलों गे," शुद्ध कोंकणीत. आणि बार्जीच्या फळीवरून चढताना तिचा पाय सरकला तेव्हा भावजींच्या तोंडून निघाली ती गणपतीची आरती, तीही मराठी, सगळी कडवी. दादांनी हे मरेपर्यंत कबूल केलं नाही. पण त्या दुपारी तिसरा वास आला, बातक उतरली, निवायलाही कुणी थांबलं नाही, कुलेरीने, म्हणजे चमच्याने, टोपातूनच खाल्ली. तेव्हा पहिला घास दादांनी भावजींपुढे धरला. म्हणाले, "घे रे." कुठल्या भाषेत म्हणाले, हा विषय दोघांनीही काढला नाही.

तायला मुलगी झाली, वरदा. भाषेचा कायदा झाला त्या सुमाराची ती, आणि गोव्याचं वेगळं राज्य झालं तेव्हा पालथी पडायला लागली होती. तो टोप दादांनी पुन्हा कल्हई लावायला दिला नाही. कल्हईशिवायचं भांडं घरात ठेवू नये असं गिऱ्हाइकांना सांगणारा माणूस, पण हा टोप त्यांनी स्वयंपाकघरात खुंटीला टांगून ठेवला. तळाला पानाच्या शिरा उमटल्या होत्या, त्या अजून दिसतात. तो आता माझ्याकडे आहे.

मागच्या महिन्यात वरदाची मुलगी परदेशातून एकटी यायची होती, पहिल्यांदाच. विमानाला उशीर, मग दुसऱ्या गावी उतरवलं, मग फोन लागेना. ताय तिकडे वास्कोला, मी इकडे. मी ओव्हन लावला, खुर्ची ओढून समोर बसले. दिवा लागला होता, काच स्वच्छ होती. बराच वेळ झाला तरी वास येईना म्हणून चष्मा घातला आणि आत बघितलं. जाळी रिकामी होती. बातकेच्या मिश्रणाचं पातेलं ओट्यावर होतं, फडक्याखाली, काठोकाठ भरलेलं. मी एकटीच हसत बसले. मग फोन वाजला. ताय होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "पावली गो, घरात पावली." मी म्हटलं, "ताय, ओव्हन रिकामाच तापतोय इकडे." ती पलीकडून आईच्या आवाजात म्हणाली, "आसू दे. आता ओत."